शब्दाचे शेजारी

सातवीतली आमची लेक इंग्रजी शब्दांच्या चाचणीत नापास झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा होती. मी, घरातला स्वयंघोषित शब्दकोश, लांबलचक यादी घेऊन बसलो.

"रटून घे."

"रटून काय होणार, बाबा? शब्द अनोळखी असला की त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं."

धड्यात 'रिलक्टंट' निघाला. अर्थ येईना, म्हणून मी चष्मा पुसत बसलो. तिने पूर्ण वाक्य वाचलं. त्यात तिघांनी ओढूनही गाढव जागचं हलत नव्हतं.

"म्हणजे नाखूश. अनिच्छुक. रविवारी सीपरी बाजारात भाजीला जाताना तुम्ही असता तसं!"

मी यादीची घडी करून ठेवली. परीक्षेत नेमका तोच शब्द वाक्यात वापरायचा होता. ती पास झाली. वाक्यात तिने गाढवच ठेवलं, मला घेतलं नाही. बापाला एवढा मान पुरे.