वारसकाकू

माणूस गेल्यावर त्याच्या घरादाराचं काय होतं, हे यमाच्या खालोखाल कुणाला ठाऊक असेल, तर आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना. जन्मभर दस्तनोंदणीच्या कचेरीत नोकरी केलेल्या या बाई बारशाला गेल्या की पाळण्यात वाकून म्हणतात, "या, वारस नंबर दोन!" साठीच्या समारंभात लोक शाल देतात, काकू फुलस्केप कागद आणि पेन देतात. "लिहा मृत्युपत्र. स्टँपपेपर लागत नाही. दोन साक्षीदार मी आत्ता जेवणाच्या रांगेतून आणते." सत्कारमूर्तीच्या घशात जिलबी अडकते. सोसायटी हसते. मीही हसायचो, पण दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी कोळीण आमच्या जिन्यात रडत बसली, त्या दिवसापासून माझं हसू गेलं. तिचे वडील वारले होते आणि दोघे भाऊ तिला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावत होते. शुद्ध शाकाहारी काकू माशांच्या पाटीला खेटून पायरीवर बसल्या.

"बापानं काही लिहून ठेवलंय?"

"नाय."

"घर कुणी बांधलेलं?"

"त्यानीच."

"मग आई, दोघे भाऊ आणि तू, चौघांचा सारखा वाटा. लग्न झालं म्हणून लेकीचं नाव खोडत नाहीत."

"सही नाय केली तर माजं म्हायेर तुटंल, काकू."

"सोडायचं तर सोड. पण काय सोडतेस ते कळून सोड."

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिच्याबरोबर काकू, आणि काकूंची पिशवी धरायला मी. कागद पुढे आला तशी ती म्हणाली, "दादा, मला एक खोली पायजे. आयेला मी सांबालीन." थोरला तरातरा निघून गेला. चार महिने त्यानं तोंड दाखवलं नाही. शेवटी आईनंच हट्ट धरला आणि मागची खोली हिच्या नावावर झाली. ती पापलेटं घेऊन आली, तेव्हा काकूंनी मान वळवून, पण दोन्ही हातांनी ती घेतली आणि थेट माझ्या घरी आणून दिली.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला वडिलांचं काय मिळालं?"

"ते गेले त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी भावानं कागद पुढे केला. मी वाचलासुद्धा नाही, सही करून टाकली." बोटाला चिकटलेला खवला त्या बराच वेळ निरखत राहिल्या. "त्यानं मागितलं असतं ना, तर मी हसत दिलं असतं रे. नुसतं विचारायचं होतं."