अंगठ्यावर ढोल

मनीषाच्या अंगठ्यावर मी ढोल वाजवला. एकदा नाही, तीनदा. व्हिडिओच्या धंद्यात मी तीस वर्षं काढली. लग्नं, बारशी, प्रचारसभा, सगळं शूट केलं. नवरदेव सोडून करवल्यांवर फोकस धरणारे कॅमेरामनही सांभाळले. पण एवढा मूर्ख कट दुसऱ्या कुणी मारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो मी मारला, आणि मारल्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि बीडला माझा स्टुडिओ होता. आज मी दोन नातवंडांची आजी आहे, आणि त्या बाईला रस्त्यात भेटले तर ओळख दाखवणार नाही. डोक्यावर गॉगल, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा आणि तोंडात एकच शब्द, 'सिनेमॅटिक'. कोपऱ्यावरच्या टपरीतला चहाही तिला सिनेमॅटिक लागायचा.

काम आलं तेलगावहून. तिथल्या मुलींचा कबड्डी संघ जिल्हा निवड स्पर्धेला बीडला येणार होता. संघाच्या जर्सी गावातल्या एका पुढाऱ्यानं दिल्या होत्या. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी टीव्हीवर कबड्डीचे प्रोमो पाहिले होते. प्रोमो म्हणजे सामन्याआधी वातावरण तापवायला केलेली मिनिटभराची जाहिरात. तसला एक त्यांना हवा होता.

"ताई, लई भारी झाला पायजे. धूर बिर सोडा. अन् माजा फोटो किती टाइम दिसंल?"

"चार सेकंद."

"चारच? जर्सी मी दिल्यात, ताई."

नऊ सेकंदांवर मिटलं. साठ सेकंदांतले नऊ भाऊसाहेबांचे. त्यांना कबड्डीचा 'क'सुद्धा येत नव्हता. उरलेले सेकंद सात पोरींनी आपापसात वाटून घ्यायचे.

शूटिंग शाळेमागच्या मैदानावर झालं. धुराचं मशीन माझ्याकडे नव्हतं. मी देवळातलं धुपाटणं मागवलं, त्यात नारळाच्या शेंड्या पेटवल्या आणि पोरींना त्या धुरातून पळत यायला सांगितलं. पहिल्या टेकला दोघी ठसकल्या, दुसऱ्याला पाच जणी. त्यांचे प्रशिक्षक कदम सर शाळेत पीटी शिकवत. ते बाजूला उभे राहून बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "दमाचा खेळ हाय हा. दम काढायचा न्हाई त्यांचा."

"सर, फ्रेममधून बाजूला व्हा," मी म्हणाले. माझं उत्तर एवढंच.

आता मनीषाबद्दल सांगते. बारावीतली पोर, काडीसारखी, पण संघ तिच्यावर चालायचा. ती चढाईपटू. चढाईपटूनं दम घेऊन एकटीनं समोरच्या सात जणींत घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि परत मध्यरेषा गाठायची. मनीषाचं हत्यार म्हणजे मागची लाथ. ती डावीकडं निघाल्यासारखं दाखवायची, समोरच्या तिकडं झुकायच्या, आणि त्या सावरायच्या आधीच ही उजव्या कोपऱ्यातल्या पोरीला टाचेनं टिपून मोकळी. लाथ कधी येणार हे कुणाला कळायचं नाही. कदम सर म्हणायचे, मलाही कळत न्हाई.

त्या मोसमात तिचं सगळं त्या लाथेवर होतं. वयाच्या हिशोबानं ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्याच्या बारा जणींत नाव आलं तर राज्य स्पर्धेला जायचं आणि खेळ चालू ठेवायचा. नाही आलं तर नर्सिंगचा फॉर्म भरायचा. वडिलांनी फॉर्म आणूनच ठेवला होता. हे तिनं मला जेवणाच्या सुट्टीत, भाकरी मोडता मोडता सांगितलं. मी "हो का" म्हणाले आणि सूर्य कुठं आला ते बघत राहिले.

मग मी स्लो मोशन काढलं. त्यासाठी कॅमेरा भाड्यानं आणला होता. साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो, हा शंभराच्या वर घ्यायचा. ती चित्रं नेहमीच्या वेगानं दाखवली की एक सेकंद चार सेकंदांएवढा ताणला जातो. नुसत्या डोळ्याला जे दिसत नाही, ते दिसायला लागतं.

दिसलं. स्टुडिओत बसून मी मनीषाच्या चढाया बघत होते, तेव्हा ध्यानात आलं की लाथेआधी तिच्या डाव्या हाताचा अंगठा हळूच आत जातो आणि मूठ आवळली जाते. दुसऱ्या चढाईत तेच, तिसऱ्यातही तेच. लाथ नसेल तेव्हा मात्र हात उघडा. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरे, ही तर हिची खूण. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "वा! काय इमोशन आहे!"

मला वाटलं, पोरगी मुठीत धीर गोळा करतेय. मी त्या मुठीचा क्लोजअप घेतला, म्हणजे अख्ख्या पडद्यावर फक्त मूठ. मग बीटवर कट. संगीताचा ठोका पडतो, बरोबर तिथंच चित्र बदलायचं, म्हणजे बघणाऱ्याच्या छातीत धक्का बसतो. अंगठा आत, ढोल, लाथ. अंगठा आत, ढोल, लाथ. तिसऱ्यांदाही तेच, कारण एखादी गोष्ट तीनदा दाखवली की ती डोक्यात पक्की बसते, असं मी कुठंतरी शिकले होते. बरोबरच शिकले होते.

कदम सरांचा फोन आला. "मॅडम, पाठवायच्या आधी मला एकडाव दाखवता का?"

"सर, रफ कट आम्ही क्लायंटला दाखवत नाही." रफ कट म्हणजे कच्ची जोडणी. माझी तर पक्की होऊन बसली होती. खरं कारण इतकंच, की पीटीच्या मास्तरानं मला एडिटिंग शिकवावं हे मला नको होतं.

"बरं," सर म्हणाले. "तुमाला समजतं त्यातलं."

स्पर्धेच्या चार दिवस आधी व्हिडिओ सुटला. तेव्हा व्हॉट्सअॅप नुकतंच गावोगाव शिरलं होतं. तेलगावच्या ग्रुपवरून माजलगाव, तिथून बीड, बीडवरून चौसाळा. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ढोल. अनोळखी माणसं मला फोन करून "मॅडम, ती मूठ!" म्हणायची. मी खुर्चीत मागं रेलून म्हणायची, "इमोशन आहे ते."

तेलगाव अंतिम सामन्यापर्यंत आलं. समोर चौसाळ्याच्या मुली. मी कॅमेरा घेऊन बाजूरेषेपाशी बसले होते, पुढच्या प्रोमोचा मालमसाला गोळा करायला. मनीषाच्या पहिल्या दोन चढाया हातानं होत्या, दोन गुण आले. तिसऱ्या चढाईत ती डावीकडं झुकली आणि चौसाळ्याच्या बाकावरून आरोळी आली, "ढोल!"

मी खूश झाले. आता हे लिहितानाही मला स्वतःला एक टपली मारावीशी वाटते, पण झाले खरी खूश. मला वाटलं, समोरच्या संघालासुद्धा माझा व्हिडिओ आवडलाय! तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातली पोरगी एक पाऊल मागं सरली, मनीषाची टाच हवेतच राहिली, आणि त्या पोरीनं तिचा घोटा दोन्ही हातांनी धरून ठेवला. मनीषा बाद.

पुढच्या वेळी पुन्हा "ढोल!" आणि पुन्हा घोटा. तिसऱ्या आरोळीला मी कॅमेऱ्यातून डोळा काढून चौसाळ्याच्या बाकाकडं पाहिलं. तिथली एक राखीव पोरगी गुडघ्यावर बसून फक्त मनीषाच्या डाव्या हाताकडं बघत होती. बाकी सामन्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. अंगठा आत गेला की ओरडायचं, एवढंच तिचं काम.

मध्यंतराला मी कदम सरांकडं पळाले.

"सर, अंगठा. लाथेआधी तिचा अंगठा आत जातो. व्हिडिओत आहे. तीनदा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मनीषाला हाक मारली. "मने, डाव्या हाताची मूठ करू नको. हात उघडा ठेव."

"कावून?"

"ठेव म्हन्लं ना."

इथं मला आणखी एक गोष्ट कळली, जी कोणत्याही पीटीच्या मास्तराला आधीपासून माहीत असते. सहा वर्षांची सवय पाच मिनिटांत सुटत नाही. उत्तरार्धात मनीषा डाव्या हाताची पाची बोटं ताणून चढाईला गेली, ट्रॅफिक हवालदारासारखी. सगळं ध्यान त्या हातावर. लाथ आलीच नाही. एकदा आली तर अर्ध्यात थांबली आणि तीच घसरून पडली. ती चौसाळ्याची राखीव पोरगीसुद्धा मग ओरडायची थांबली. गरजच उरली नव्हती.

तेलगाव हरलं. मंडपात बारा नावं वाचली. उजव्या कोपऱ्यातल्या त्या पोरीचं नाव होतं. मनीषाचं नव्हतं. तिनं यादी पुन्हा वाचायला लावली नाही, बूट काढले आणि पिशवीत भरले.

तेवढ्यात भाऊसाहेब आले, हसतच. "ताई, व्हिडिओ लई चालला! पुढल्या साली क्रिकेटचं करू." स्वतःचे नऊ सेकंद त्यांना पुरून उरले होते. खरं सांगायचं तर त्या नऊ सेकंदांनी कुणाचंही वाटोळं केलं नाही. वाटोळं केलं ते माझ्या सिनेमॅटिक तीन सेकंदांनी.

त्यानंतर खेळाच्या संघांचं बरंच काम केलं. दरवेळी कच्ची जोडणी आधी प्रशिक्षकाला दाखवली, आणि "यातलं काय झाकू?" हे पहिलं विचारलं. जाहिरात करताना काय दाखवायचं ते कुणीही सांगतं, काय झाकायचं ते फक्त खेळणाऱ्याला ठाऊक असतं. शिकायला एवढं सोपं होतं. फी दुसऱ्याच पोरीनं भरली.

गेल्या वर्षी शुगर तपासायला बीडच्या एका दवाखान्यात गेले होते. रक्त घ्यायला नर्स आली. काडीसारखी नव्हती आता, पण चाल तीच. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, कागदावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडं बघून सुई हातात धरूनच हसली. मी मान खाली घातली. त्या दिवशी मंडपात म्हणायचं राहिलेलं काहीबाही पुटपुटू लागले. तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही.

"मावशी, अंगठा आत घ्या अन् मूठ आवळा. कशी, ते मी कावून दाखवू? तुमीच दाखवलंय तीनदा, ढोलासकट."