मंदाताईंचा गळा बसलाच नव्हता

मंडळी, आज दुपारी हुडकेश्वरला आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम होती. द्वंद्वगीताला गायिका मिळेना, म्हणून मी मंदाताईंचं नाव घेतलं.

आयोजक हसले. "काहून गा? त्यायचा गळा तर मागंच गेला नं!"

मी नुसती मान हलवली. तेच खुपतंय, आज दुपारपासून नाही, बारा वर्षांपासून.

तेव्हा मी नवा होतो आणि मंदाताई मुख्य गायिका. पहिल्याच कार्यक्रमात त्यांच्यासोबत द्वंद्वगीत होतं, त्यांच्या उंच पट्टीत. तालमीत वरच्या सुराला माझा आवाज सारखा फाटत होता. आता माझं नाव कटणार, एवढ्यात ताई कीबोर्डवाल्याला म्हणाल्या, "आज माहा गळा बसला गा, पट्टी खाली घे."

त्यांचा गळा ठणठणीत होता. मी काही मागितलंही नव्हतं.

कार्यक्रमातही पट्टी खालचीच राहिली आणि मी मोकळा गायलो. ताईंचे खालचे सूर मात्र कोणाला ऐकूच आले नाहीत. लोक म्हणाले, पोरगा भारी आहे, बाई थकली. मला कार्यक्रम मिळत गेले, त्यांना बोलावणं कमी होत गेलं. "ताईंचा गळा गेला का?" असं कोणी विचारलं की मी नुसती मान हलवायचो.

म्हणून आज लिहितो. गळा त्यांचा नाही, माझा फाटत होता. आयोजकही हे वाचतील, वाचू द्या.

ताईंचा नंबर माझ्याकडे आहे, तरी त्यांना फोन न करता मी आधी इथे लिहितोय. खरं सांगा, मी सुधारलो म्हणायचं, की अजून तसाच भित्रा आहे?