जहाजाचा जबाबदार माणूस

सरलाबाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. रेशनच्या दुकानात, मुलाच्या शाळेत, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिने अंगठाच लावला, आणि दर वेळी शाई पदराला पुसत घरी आली. म्हणून सुरतजवळच्या कोसाडच्या खोलीत साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता तिने आपल्या मुलाच्या, कुंदनच्या डोक्यात एकच गोष्ट भरली: सही करणारा माणूस मोठा. कुणी सही मागितली तर मागे सरू नये.

कुंदन खलाशी झाला. १९९७ साली त्याचे जहाज खत घेऊन सुरतच्या मगदल्ला बंदरात आले. खत भिजून दगड झाले होते. व्यापारी कोर्टात गेला आणि कोर्टाने जहाजच अडकवून ठेवले. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, आणि फोन उचलणारा कुठल्याच देशात नाही.

कप्तानाला घरी जायचे होते. पण अटकेतले जहाज वाऱ्यावर सोडता येत नाही. जबाबदार म्हणून कुणाचे तरी नाव लागते. त्याने कागद पुढे केला. कुंदनच्या बरोबरच्या खलाशाने, भेस्तानच्या सुपडूने, हात मागे घेतला, बाकीच्यांनीही घेतला. कुंदनने मात्र झोकात सही ठोकली. महिनाभरात एकेक जण उतरून गेला. कुंदन राहिला. नऊ महिने झाले.

डुमसच्या किनाऱ्यावरून जहाज दिसायचे. पोरगा दिसायचा नाही.

जहाजाच्या एजंटच्या ऑफिसातला कारकून चहा ढवळत म्हणाला, "मासी, बीजो माणस लावो, दुसरा माणूस आणा. जहाजावर काम केलेला पाहिजे. त्याने सही केली की तुमचा पोरगा उतरला समजा."

ती तडक भेस्तानला गेली. सुपडू जेवत होता, त्याची आई उषाबाई वाढत होती.

"का वं सरला, कशी उनी?"

सरलाबाईने सांगितले. सुपडूने मान वर केली नाही. उषाबाईने हातातली भाकरी टोपल्यात परत ठेवली.

"मना पोरगा अडाणी शे, बाई. सहीवाला तुनाच. गल्लीभर सांगत फिरे ना तू? मंग ऱ्हाऊ दे त्याले मोठा."

सरलाबाईला तिचा राग आला नाही. उषाबाईच्या जागी आपणही हेच बोललो असतो, हे तिला कळत होते आणि तेच घशाखाली उतरत नव्हते.

शनिवारी ती डबा घेऊन डुमसला गेली. होडीवर काम करणारा भटू डबा जहाजावर पोचवायचा. परत येताना त्याने रिकामा डबा आणला, आणि एक चिठ्ठी. जहाजावर चढलेल्या प्रत्येक वस्तूची पोच जबाबदार माणसाने द्यायची, असा नियम. भटूने वाचून दाखवली, "भाकरी चार, शेंगदाण्याची चटणी. मिळाले."

खालची सही तिला वाचून दाखवावी लागली नाही. तीच वळणे, नावाखाली तशीच ऐटीत ओढलेली रेघ.

"काही निरोप, मावशी?"

"शे ना. त्याले सांग, आते कोनी कागद दिधा ते अंगठा लाव. तुनी मायनी सांगं म्हना."

भटू हसला. म्हातारी थट्टा करते आहे, असे त्याला वाटले.