आंब्याखालची तालीम

मलावीतल्या एका शाळेत मी स्वयंसेवक म्हणून मुलींना टिपऱ्या शिकवत होते. हॉलच्या खिडकीतून सहज पाहिलं, तर भर उन्हात आंब्याखाली काही बायका गाण्याची तालीम करत होत्या. त्यांत तिथली शिक्षिका, माझी मैत्रीण चिसोमोही होती.

"आत का नाही गात तुम्ही?" मी तिला नंतर विचारलं.

"दुपारी हॉल आमचाच असतो. पण तू पाहुणी ना!" ती हसत म्हणाली.

मला मान वर करवेना. द्यायला आलेलं माणूस किती पसरून बसतं, आणि त्याला कोणी सांगतही नाही.

दुसऱ्या दिवसापासून टिपऱ्या मी सकाळी अंगणात घेऊ लागले. दुपारी चिसोमोने मला ओढत हॉलमध्ये गायला नेलं. तिथेही एक म्हातारी सरकली आणि तिने मला जागा करून दिली.