एनिडच्या पंचवीस पेट्या

एनिड ट्रँटर तीस वर्षं इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या आमच्या गावची बस चालवत होती. निवृत्त झाल्यावर तिनं टिलरचं रान चालवायला घेतलं. राखीव रान म्हणायचं, पण एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाचे पारवे उडतात.

त्या रानात कठीण कवचाची फळं धरणाऱ्या हेझलच्या झुडपांवर तिच्या पंचवीस लाकडी पेट्या टांगलेल्या. कशासाठी? तर डॉरमाउससाठी. अंगठ्याएवढा, सोनेरी, वर्षातले सात महिने झोपून काढणारा उंदीर. पाच वर्षांत त्याची शेपूटही दिसली नव्हती. यंदा त्याचा पुरावा मिळाला नाही तर वन्यजीव समिती पेट्या उतरवून दुसऱ्या रानात नेणार होती. आणि ऑक्टोबरची ही शेवटची तपासणी.

पुढे एनिड, मागे वही घेऊन मी, सगळ्यांत मागे थर्मास घेऊन तिचा नवरा विल्फ.

"पेटीचं भोक खोडाकडे," विल्फ मला म्हणाला. "म्हणजे दार भिंतीला. मग कोण येणार?"

"तो खोडावरून चढतो, विल्फ. तुझ्यासारखी कुणी दार उघडायची वाट बघत नाही."

एनिड आधी भोकात फडकं कोंबायची, मग झाकण सरकवायची. पहिल्या पेटीत गोगलगाय. आठवीत पाखराचं जुनं घरटं. चौदावीतून एक साधा रानउंदीर उसळला तो थेट विल्फच्या बाहीत. विल्फ गोल गोल नाचला.

"लग्नात असा नाचला असतास," एनिड म्हणाली, "तर फोटो तरी बरे आले असते."

पंचविसावी पेटी रिकामी निघाली. एनिड झाकण धरून तशीच उभी.

"एक डॉरमाउस लिहून टाक ना," विल्फ हळूच मला म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय."

मग ती गुडघे सांभाळत खाली बसली. "या दोघं. हेझलची टरफलं वेचा. दुभंगलेलं ते खारीचं. भोकाच्या कडेवर दातांच्या रेघा असतील तर रानउंदराचं. आपल्या झोपाळूचं भोक गोल, कड गुळगुळीत. तसं एक मिळालं तरी पुरावा धरतात."

"इथे आधी नाही शोधलंत?" मी विचारलं.

"सात वर्षांपूर्वी हा कोपरा आम्हीच बुंध्यापर्यंत छाटला होता. फळ यंदा पहिल्यांदा धरलंय."

अर्धा तास आम्ही रांगत होतो. विल्फ कमरेच्या नावानं कुरकुरत एकेक टरफल तिच्याकडे टाकत होता.

"खारीचं. उंदराचं. हे पण उंदराचं. हा खडा आहे, विल्फ."

पुढचं टरफल तिनं भिंगाखाली धरलं. फिरवलं. परत फिरवलं. नखानं कड चाचपली.

"हे कुठे होतं?"

"मी बसलो होतो तिथेच, माझ्याखाली."

एनिडनं माझ्याकडे पाहिलं. टरफल तिनं रुमालात बांधलं. आवाज बसमध्ये थांबे पुकारतानाचाच. "लिही. डॉरमाउसनं खाल्लेलं टरफल, एक. शोधणारा, विल्फ ट्रँटर."

"माझं नाव नको गं. पुढच्या वर्षीही पकडून आणशील."

"पेट्या राहिल्या, म्हणजे तू आलासच."

विल्फनं कपाळाला हात लावला. दुसरा हात अजून पाचोळा चाळतच होता.