चंद्रीची खोड

पोरगी हातात ताठ झाली, डोळे पांढरे केले, आन् नेमका तवाच एक माणूस दारात कागद घेऊन उभा. मी रिक्षा बघायला पळत होते. तो म्हणतो, "वहिनी, सही तेवढी करा. दादांशी बोलणं झालंय. लग्नसराईपुरती चंद्रीला नेतो, परत आणून बांधतो." माझी शाळा सातवीत सुटली, मी अक्षर लावत लावत वाचते. तेवढा वेळ कुठं होता? भिंतीला कागद टेकवून सही केली. घोडी त्याला हात लावू देईना, म्हणून दावं पण मीच एका हातानं सोडलं, आन् हडपसरला दवाखान्यात पळाले.

पोरगी वाचली. संध्याकाळी नवरा हिंजवडीहून कंपनीची बस लावून आला, शेडमधे खुंटा मोकळा. "चंद्री कुठाय गं? कुणी आलं होतं का?" त्याच्या तोंडावरनंच कळलं, त्याचं कुणाशीच बोलणं झालेलं न्हाई. सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. वरातीची पांढरी घोडी, वारलेल्या सासऱ्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. माझी पोरगी तिचा पाय धरून चालायला शिकली. मी म्हणले, "मला काय म्हाईत? मी दवाखान्यात होते." झालं. चोरी झाली.

तवाचे चौकीतले जमादार साहेब आता रिटायर झालेत, आमच्याच आळीत राहतात. ही केस ते पारावर सगळ्यांना सांगतात. कुणाचं नाव घेत न्हाईत, "एक बाई होती" म्हणतात. ती बाई मी.

तक्रार घेताना त्यांनी विचारलं, "घोडीला काही खोड?"

घोडेवाले खोड म्हणतात अंगावरच्या वाईट भोवऱ्याला. मला वाटलं सवय विचारतात. म्हणले, "हाय साहेब. बाईच्या पदराची गाठ दातानं सोडती. मी गूळ बांधून ठेवते ना, त्याची सवय."

लिहिणारा शिपाई हसायला लागला. साहेब म्हणाले, "हसतोस काय? लिही. पांढऱ्या घोड्या पुण्यात ढिगानं आहेत. गाठ सोडणारी एकच असेल."

मग मला तीनदा बोलावलं. बाकड्यावर बसवायचे, चहा द्यायचे आन् तेच विचारायचे.

"दावं कापलेलं नाही, सोडलंय. घोडी परक्याला सोडू देते?"

"न्हाई."

"मग सोडलं कुणी?"

"मला काय म्हाईत साहेब? पोरगी बेशुद्ध होती माझी!"

साहेब माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. हाताकडं बघत होते. माझे हात पदराला गाठ मारत होते, सोडत होते.

लग्नसराई सरली, तो माणूस काय आला न्हाई. तवा कळलं, मी कशावर सही केली ते. साहेबांनी मात्र सोडलं न्हाई. ते म्हणायचे, व्यापारी खोटं बोलतो, नालबंदाला काय गरज? घोडं कुठंबी जाऊ दे, नाल झिजतातच. महिन्याला सगळ्या नालबंदांना फोन. दीड वर्षानं मुळशीकडनं एकाचा उलटा फोन आला, "साहेब, एका घोडीनं आमच्या मंडळींच्या पदराची गाठ सोडली की! किल्ल्या पडल्या शेणात."

त्याच्याकडनंच पुढचं समजलं. आधी वरातीत नाचवली, मग थंड हवेच्या डोंगरावर पोरं फिरवायला लावली, तिथं गुडघा गेला, मग एका शेतकऱ्यानं शिंगरासाठी घेतली.

ओळख पटवायला मला जीपमधनं नेलं. नवऱ्याला सुट्टी न्हाई मिळाली. चंद्रीच्या बरगड्या मोजून घ्या. एक डोळा पांढरा पडलेला. आन् पोटाखाली वीस दिवसांचं शिंगरू, आचळाला लागलेलं.

साहेब हळू म्हणाले, "तुमची असेल तर मुद्देमाल म्हणून जप्त होईल. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत कोंडवाड्यात. शेतकऱ्याकडं पहिल्या विक्रीचा कागद आहे म्हणे, कुणाची तरी सही आहे. तो मागवू."

"आन् शिंगरू?"

"ते तुमच्या तक्रारीत नाही. इथंच राहील."

चंद्री लंगडत माझ्याकडं आली. खांदा हुंगला, गळा हुंगला. मी पदर कमरेला खोचला, घट्ट. ती नाकानं शोधत राहिली. गाठ कुठंच नव्हती.

"ओळखता?"

"न्हाई. आमची न्हाई ही."

साहेबांनी परत माझ्या हाताकडं बघितलं. मग पंचांसमोर लिहिलं, ओळख पटली नाही.

पारावर ते शेवटी सांगतात, "घोडी काय मिळाली नाही. पण या केसनं शिकवलं, साक्षीदाराच्या तोंडाकडं बघू नये, हाताकडं बघावं." लोक माना हलवतात. मी नळावर हंडा धरून खाली बघते.

परवा नळावर मी एकटीच होते तवा ते थांबले. म्हणाले, "सूनबाई, ती मुळशीची घोडी गेली हो. शिंगरू तोवर चारा खायला लागलं होतं." एवढंच बोलले, गेले.

पोरगी अजून विचारती, चंद्री कवा येणार. नवरा अजून चोराला शिव्या देतो. मी त्या शिंगरासाठी न्हाई म्हणले, का त्या सहीसाठी? माझं मलाच सांगता येत न्हाई. ती तुमचा खांदा हुंगत उभी असती, आन् कागदावर तुमची सही असती, तर तुम्ही पदर सोडला असता का?